येसूच्या फारकतीची नक्कल

सन एकोणीसशे बावीस, मार्च महिन्याची दहा तारीख, वार शुक्रवार. रक्कम एकशे पंचवीस रुपये. हजर कोण कोण, तर मी, माझे वडील, धाकटी बहीण येसू, येसूचा नवरा विठू, विठूचा चुलता आणि आमचे वकील. जागा रत्नागिरीच्या दिवाणी कोर्टाचा व्हरांडा. दहाच्या बारा नोटा आणि पाच रुपये बंदे, मी तीनदा मोजले, मग चुलत्याने मोजले, मग विठूने घेऊन कनवटीला लावले. हे मी पहिल्यांदा सांगतो, कारण ह्यातला एकही आकडा चुकलेला नाही, वही आजही दाखवीन तुम्हाला, आणि ह्याच बरोबर आकड्यांनी मला बारा वर्षांनंतर दोन महिने नुसतं फिरवलं.

आमचं घर भाट्याच्या खाडीपलीकडे. वडिलांची एकोणीस माडांची बाग, त्यावर घर चाले आणि उरलेलं काथ्यावर. मी बाराव्या वर्षी मुंबईला गेलो, गोदीजवळ एका वखारीत पोती मोजायला लागलो, पोती आली किती, गेली किती, फाटली किती, हेच काम. पुढे वडील गेल्यावर परत आलो तो रत्नागिरीच्या बंदरावर तेच काम धरलं, आजही तेच करतो. मोजणं हेच माझं पोट, आणि मोजलं की लिहायचं ही सवय. घरात नारळ फुटला तरी मी लिहितो असं आमच्या घरचे लोक मला चिडवतात, ते काही अगदीच खोटं नाही.

तर येसूचं लग्न झालं पंधराव्या वर्षी, मी तेव्हा मुंबईतच, रजा मिळाली नाही. नवऱ्याचा गाव आमच्यापासून तीन कोसांवर. तीन वर्षं नांदली. मारहाण होती, दुसरीही एक बाई होती, ते सगळं मी सांगत बसत नाही, तिने कधी सांगितलं नाही तर मी कोण सांगणार. एके दिवशी विठूने चार माणसांसमोर मी हिला सोडली म्हणून तिला बाहेर काढली, ती चालत घरी आली. आमच्यात फारकत चालते, काही लाज नाही त्यात. पण फारकत लिहून दे म्हटल्यावर तो फिरला. मी कुठं सोडली, म्हणाला, माझी बायको आहे, आणि हिच्याशी जो कोणी पाट लावील, दुसरं लग्न करील, त्याला मी फौजदारीत खेचीन. तेव्हा वडिलांनी वकील गाठून येसूच्या नावाने दावा लावला, की फारकत झालेली आहे हे कोर्टाने ठरवून द्यावं. मला हे सगळं पत्रातून कळत होतं, अर्धं कळत होतं, वडिलांची पत्रं दुसऱ्याच्या हातची, लिहिणारा देईल तेवढंच यायचं.

बावीस साली शिमग्याला मी बोटीने घरी आलो तर वडील म्हणाले, बरा आलास, परवा कोर्टात शेवट आहे, तडजोड होते, लग्नखर्चाचे एकशे पंचवीस परत द्यायचे नि त्याने फारकत कबूल करायची, तू चल, तुझ्यासारखं मोजणारं दुसरं कोण आहे. म्हणून मी गेलो. आत पुकारा झाला, येसू आणि वडील आत गेले, मी बाहेर खांबाशी नोटा मोजत होतो. एवढं माझं त्या दाव्याशी नातं. संध्याकाळी तरीतून खाडी ओलांडताना मी वडिलांना म्हटलं, कोर्टाची नक्कल घ्यायची ना. वडील म्हणाले, ती कशाला हवी, सरकारच्या दप्तरात आहे म्हणजे आपल्याच पेटीत असल्यासारखी, आपल्याकडे वाळवी तरी खाईल. मी तेव्हा जास्त बोललो नाही. वडिलांपुढे जास्त बोलायची रीत नव्हती आमच्यात. आणि घरात पाऊल टाकल्यावर त्यांनी सगळ्यांना बजावलं, त्या घरचं नाव आजपासून ह्या घरात काढायचं नाही. कुणी काढलंही नाही. बारा वर्षं नाही.

येसू घरीच राहिली. वडिलांचं दुखणं तिने काढलं, माझी तीन मुलं तिने न्हाऊ घातली, नारळाची सोडणं ठोकली, काथ्या वळला, सुकट विकली. सुकटीच्या निमित्ताने पालीचा दत्ताराम आमच्याकडे यायला लागला. पालीच्या बाजारात त्याचं लहानसं दुकान, मीठ, सुकट, गूळ, काड्यापेट्या. त्याची बायको जाऊन चार वर्षं झालेली, मूल नाही. माणूस कमी बोलणारा. सुकट उचलायला आला की माप बरोबर आहे ना असं तो मला कधी विचारायचा नाही, येसूला विचारायचा. चौतीस सालच्या जानेवारीत एकदा बंदरावर माझ्याकडे आला, बराच वेळ पोती बघत राहिला आणि म्हणाला, भाऊ, तुमच्या बहिणीला विचाराल काय. मी म्हटलं, काय विचारू. तो म्हणाला, तुम्हाला समजलंय.

मला समजलं होतं. पण मी येसूला विचारलं नाही. का, ते सांगतो. दत्तारामाचा थोरला भाऊ आबा, त्याच्या शब्दाबाहेर ते घर नाही, तो दुसऱ्याच आठवड्यात आला आणि ओटीवर बसून म्हणाला, मुलगी आम्हाला पसंत आहे, वयाचं काही नाही, पण पहिला नवरा जिवंत आहे, उद्या तो उठला नि फौजदारी केली तर माझा भाऊ खडी फोडायला जाईल. फारकतीचा कागद दाखवा, मग बोलू. मी म्हटलं, कोर्टाचा हुकूमनामा आहे. तो म्हणाला, दाखवा. मी म्हटलं, कोर्टात आहे. तो हसला. म्हणाला, भाऊ, माझाही एक वाडा पुण्यात आहे, तो पेशव्यांकडे आहे. माणूस टोचून बोलायचा, पण खोटं काही बोलत नव्हता. म्हणाला, मेमध्ये कोर्टाला सुट्टी लागते, त्याच्या आत कागद आणा, नाहीतर दत्तारामासाठी लांज्याची एक बघून ठेवली आहे. आणि मी मनाशी ठरवलं, कागद हातात आल्याशिवाय येसूला एक अक्षर सांगायचं नाही. एकदा तिचं मोडलेलं आहे, नुसत्या बोलण्यावर दुसऱ्यांदा मोडायला नको. चांगल्याच विचाराने ठरवलं. फक्त तिचंच होतं ते सगळं, आणि तिलाच बाहेर ठेवलं.

फेब्रुवारीत पहिली फेरी. आमचे वकील तोपर्यंत वारले होते, त्यांचे मुलगे मुंबईला, दप्तर रद्दीत गेलेलं. कोर्टाच्या आवारात वडाखाली अर्ज लिहून देणारे बसत, त्यातल्या एकाने अर्ज लिहिला. त्याने विचारलं, दावा नंबर. मी म्हटलं, माहीत नाही. सन. मी म्हटलं, एकोणीसशे बावीस, मार्च दहा, शुक्रवार. तो माझ्याकडे बघतच राहिला, म्हणाला, वार सांगणारा पक्षकार पहिल्यांदा बघतोय. वादीचं नाव. मी सांगितलं, येसू, बापाचं नाव बाबाजी. स्टँप लावला, शोधाची फी भरली. आत रेकॉर्डवाले कारकून होते, वयस्क, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी सांगितलं, आठ दिवसांनी या. आठ दिवसांनी गेलो तर म्हणाले, बावीस सालचं रजिस्टर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितलं, अशी वादी नाही.

दुसरी फेरी, मला वाटलं आमचं आडनाव गावावरून लिहिलं असेल, म्हणून तसा अर्ज दिला. नाही. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, वादी सोडा, प्रतिवादी बघा, विठू, गाव अमुक. त्यांनी पुन्हा बावीसचं रजिस्टर काढलं, माझ्यासमोर बोट फिरवत गेले, पान पान. विठू तीन निघाले, एक कर्जाचा, एक बांधाचा, एक वाटणीचा, आमचा नाही. मग म्हणाले, हे बघा, जुन्या दाव्यांतले काही कागद मुदत भरली की जाळतात, हुकूमनामा राहतो, पण नंबराशिवाय तो शोधणं म्हणजे वाळूत टाचणी. तुमचा अर्ज मी निकालात काढतो. आणि त्यांनी अर्जावर शेरा मारून दिला, सदर वर्णनाचा दावा सन एकोणीसशे बावीसचे रजिस्टरी आढळून येत नाही. खाली सही, शिक्का.

काय सांगू तुम्हाला, तो कागद मी आवाराबाहेर येऊन पुन्हा एकदा वाचला. मी आणायला गेलो होतो फारकत झाल्याचा कागद, आणि माझ्या हातात आला फारकत झालीच नाही असं म्हणणारा कागद, तोही सहीशिक्क्याचा, तोही मीच फी भरून घेतलेला. कारकुनाचा दोष नाही हां त्यात. त्यांनी सन विचारला, मी सन सांगितला, इतक्या खात्रीने सांगितला की त्यांना दुसरं काही विचारायचं सुचलं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला आबा पुन्हा आला. झाला का कागद, म्हणाला. त्या वेळी मला खोटं बोलता आलं असतं, नक्कल तयार होते आहे एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं. मला ते जमत नाही. मी तो शेरा आणून त्याच्यापुढे ठेवला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवला. त्याने चंचीतली सुपारी काढून पुन्हा आत ठेवली, खाल्ली नाही. म्हणाला, भाऊ, तुम्ही खरे आहात म्हणून मला तुमचं वाईट वाटतं. पण ह्या कागदाप्रमाणे तुमची बहीण अजून त्याचीच बायको आहे. महिनाअखेरपर्यंत मी लांजेकरांना शब्द देत नाही, त्यापुढे माझा इलाज नाही. आणि उठून गेला, चहा तसाच ठेवून.

माझी बायको आतून सगळं ऐकत होती. तिने कप उचलला नि म्हणाली, तुम्ही अर्ज लिहिणाऱ्याला विचारलंत, कारकुनाला विचारलंत, वकिलाच्या भाड्याच्या खोलीवाल्याला सुद्धा विचारून आलात, येसूवन्संना विचारलंत काय. मी म्हटलं, तिला काय माहीत असणार, तिला अक्षर येत नाही. बायको म्हणाली, कोर्टात उभं कोण होतं, तुम्ही की ती.

मी उठून मागल्या दारी गेलो.

येसू मागल्या अंगणात सोडणं ठोकत होती. भिजलेलं सोडण दगडावर धरायचं नि वरून मोगरी मारायची, ठक ठक ठक, तो आवाज आमच्या घराला रोजचाच. मी जाऊन तिच्यासमोर टेकलो. कुठून सुरुवात करावी ते कळेना. शेवटी म्हटलं, येसू, तुझा तो कोर्टातला दावा, त्याचं काही आठवतं काय तुला. तिने वर बघितलं नाही, मोगरी चालूच. म्हणाली, काय आठवायला हवंय. मी म्हटलं, काहीही. त्यावर ती म्हणाली, अकरा वेळा गेलंय मी. अकरा तारखा. पयल्या तारखेला बापूस माझ्याबरोबर होता, शेवटच्यालाही, मधल्या नऊ वेळा एकटी, वकिलाच्या ओटीवर बसायचं नाय, व्हरांड्यात उभं राहायचं, पुकारा होईपर्यंत. मी म्हटलं, पुकारा. आणि मग, मोगरीचा ठेका न मोडता, ती त्या कोर्टाच्या पट्टेवाल्याच्या सुरात बोलली, लांब सूर काढून, दावा नंबर दोनशे एकोणनव्वद, सन एकोणीसशे वीस, वादी राधाबाई कोम विठू, प्रतिवादी विठू बिन बाळा, हाजिर हो. एका दमात. आरती पाठ असते तसं.

मोगरी थांबली. तिने पदर तोंडावर धरला. नवऱ्याचं नाव तिने घेतलं होतं, आणि ते घरही बारा वर्षं आमच्या तोंडून बंद होतं. माझ्या डोक्यात नुसते आकडे लागत होते. वीस साल. दावा लावला ते साल वीस, पैसे मोजले ते बावीस, आणि रजिस्टरात दावा ज्या साली लावला त्याच साली राहतो, निकाल कधीही लागो. आणि येसू नावाची वादी कशी मिळणार. लग्नात नवऱ्याकडून नाव मिळालं होतं राधा, कोर्टाला ती राधाबाई कोम विठू, म्हणजे विठूची बायको. वकिलाने तेच घातलं असणार. तो पुकारा त्या शुक्रवारीही झाला होता, माझ्या कानांपासून दहा हातांवर, आणि मी नोटा मोजत होतो.

मग मी तिला सगळं सांगितलं. दत्तारामाचं, आबाचं, तीन अर्जांचं, त्या शेऱ्याचं. तिने पदर खाली घेतला. तिला राग आला होता. मी तिला रागावलेली फार कमी वेळा बघितली आहे. म्हणाली, दादा, दत्तारामाचं मला ठाऊक हाय, त्याचं माप मी उगाच चढं घालीत नव्हते. पण तू माझा दावा माझ्याशिवाय शोधत होतास. बापूसही असाच, माझ्यासाठी करतोय म्हणायचा नि मला काय ते सांगायचा नाय. थोड्या वेळाने तीच म्हणाली, उद्या कोर्ट उघडं हाय ना. मी म्हटलं, आहे. म्हणाली, मग मी येतंय.

दुसऱ्या दिवशी तरीत आम्ही दोघं. भरती होती, तरीवाला म्हणाला, आज बहीणभाऊ खंय चाललात, मी काही बोलायच्या आत येसूच म्हणाली, कोर्टात. कोर्टाच्या व्हरांड्यात मी तिला बस म्हटलं, ती बसली नाही, पूर्वी जिथं उभी राहायची तिथंच खांबाशी उभी राहिली. कारकुनांना मी नंबर दिला, सन दिला, नाव दिलं. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. म्हणाले, हे आधी कुठं होतं. मी म्हटलं, घरात. ते आत गेले आणि मला वाटतं पाव तास सुद्धा लागला नाही, धूळ झटकत एक गठ्ठा घेऊन आले, लाल दोरीने बांधलेला. गठ्ठा बराच पातळ झालेला, काही कागद जाळायला काढलेले असावेत, पण हुकूमनामा होता, आणि त्यामागे तडजोडीचा अर्ज होता. त्यांनी तो आमच्याकडे फिरवला. खाली वडिलांचा साक्षीदार म्हणून अंगठा, विठूचा अंगठा आणि एक लहान अंगठा, शाई जास्त लागलेला. येसू वाकून बघत राहिली. म्हणाली, हा माझा. मग म्हणाली, बापसाचा किती वाकडा उठलाय.

कारकून म्हणाले, नकलेचा अर्ज ज्याचा दावा त्याने द्यावा, ते बरं. अर्ज तिच्या नावाने लिहिला, राधाबाई पूर्वीची कोम विठू, हल्ली येसू बापाचं नाव बाबाजी. तिने अंगठा दिला. त्या नावाने दिलेला तो शेवटचा. आठ दिवसांनी नक्कल मिळाली, चार पानं, कोर्टाचा शिक्का उठलेला. ती आम्ही पालीला नेली. आबाने शाळेतल्या मास्तरांना बोलावून अक्षर अक्षर वाचून घेतली, उभय पक्षांस आपापल्या जातीचे चालीप्रमाणे पुन्हा लग्न करण्यास मोकळीक आहे, ह्या वाक्यावर मास्तरांना दोनदा थांबवलं. मग शिक्क्यावरून हात फिरवला आणि येसूकडे बघून म्हणाला, बाई, तुमच्या भावाने आणलेला पहिला कागद मी खरा मानला होता, आता हा मानतो. येसू म्हणाली, हा त्याने नाय आणला, मी आणला. आबा हसला. ह्या वेळी सुपारी खाल्ली.

वैशाखात पाट लागला, दहा माणसांत, दत्तारामाच्या ओटीवर. आता चार वर्षं होतील. पालीला दुकानावर कधी गेलात तर तराजूशी बसलेली दिसेल. तिला एक मुलगी आहे, तिचं नाव येसूने स्वतः ठेवलं आणि दत्तारामाला सांगून ठेवलंय, हिच्या लग्नात हिचं नाव कुणी बदलायचं नाही. नक्कल पत्र्याच्या डब्यात आहे, डब्यात कापूर घातलाय, वाळवी लागू नये म्हणून. मी गेलो की एकदा उघडून दाखवते. विठूने पुढे काही केलं नाही. त्याचंही बरं असो, आता मला त्याच्याबद्दल काही वाटत नाही. आमचे वडील असते तर मी त्यांना आज एवढंच म्हटलं असतं, की त्या दिवशी संध्याकाळी मी बोलायला हवं होतं.

माझ्या वहीत त्या सालचा सगळा खर्च आहे, तुम्हाला बघायचा तर बघा. तीन अर्ज, तीन वेळा शोधाची फी, तरीचं जाणंयेणं, वडाखालच्या लेखकाचे पैसे, सगळं मी भरलं आणि त्याचं एकच फळ मिळालं, तो शेरा. खऱ्या नकलेचा आकडा मात्र तिथं सापडणार नाही. फी सांगितली तेव्हा मी खिशात हात घातला, तर येसूने माझा हात धरला. कनवटीची गाठ सोडली, सुकटीचे पैसे होते, खिडकीच्या कट्ट्यावर स्वतः मोजून ठेवले. एक रुपया सहा आणे, कोर्टात, तिच्या हातून. मी मोजले नाहीत.